मधाच्या रंगाची काच

काचेवर अंगठ्याचा ठसा होता... मधाच्या रंगाची काच, तळहाताएवढीही नाही, कॅमेऱ्याच्या लेन्सवर फिरवून बसवायची. नजीबने ती डोळ्यासमोर धरली तशी बाब अल बहरीनच्या वेशीमागची भर दुपारची गल्ली संध्याकाळची झाली – दुकानांची ओढलेली शटरं, सावलीत पेंगणारं मांजर, सगळ्यांवर कोवळं ऊन – आणि त्या उन्हात अम्मा, रत्नागिरीकडच्या घराच्या पडवीत बसलेली.

गेल्या रजेत ती म्हणाली होती, "मना फोटो नको. तोंडावर रंग नाय." रंग मी देतो, म्हणत त्यानं हीच काच लावली होती. इथं येऊन रोल धुतला, तर काय फोटो आला होता! गाल तुकतुकीत, डोळ्यांत चमक. तो निर्धास्त झाला... आणि पावसाळ्याच्या तोंडी फोन आला, की अम्मा गेली, बरेच दिवस आजारीच होती म्हणे. बरेच दिवस म्हणजे कधीपासून? हे कुणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

तो फोटो काढायचा त्या स्टुडिओत कॉम्प्युटर आल्यापासून तो चालवणारा अश्वजित त्याला चिडवायचा, की नजीबभाई, तुमची आपली झाकली मूठ. फिल्टर एकदा लावला की लावला, इथं लावलेलं काढताही येतं. आज त्यानं न सांगता, मायेनंच, अम्माचा फोटो स्कॅन करून पडद्यावर घेतला होता.

"यात नक्की पांढरं काय होतं, तेवढं सांगा," तो म्हणाला. "बाकीचे रंग आपोआप जागेवर येतील. अम्मा होत्या तशा दिसतील."

होत्या तशा... पदर पांढरा होता. अब्बा गेल्यापासून पांढराच. त्याचा निळीचा वाससुद्धा नजीबला आठवत होता. एक शब्द, की मध उतरेल आणि खालचा चेहरा दिसेल – धडधाकट, नाहीतर... मी हातभर अंतरावर उभा होतो, आणि पाहत काय होतो? प्रकाश.

"पांढरं काही नव्हतं," तो म्हणाला. "पदर पिवळाच होता."

"मग काढण्यासारखं फारसं नाही." अश्वजित जरा हिरमुसला.

अम्मा तशीच राहिली, तुकतुकीत. नजीबला हायसं वाटलं. वाटलं खरं, पण पाहता पाहता तो पदर पांढरा होत गेला, मग कपाळ, मग ओठ – आणि अश्वजितचा हात तर माउसवरून केव्हाच बाजूला झाला होता. नजीबने काच पुसून डबीत ठेवली. बाहेर लख्ख दुपार होती. अम्मा फिकट दिसतेय हे आपल्याला तेव्हाच दिसलं होतं... म्हणूनच तर काच लावली होती ना?