खोबरेल लावलेला ग्लोव्ह

मी एक जुना ग्लोव्ह आहे, मित्रांनो. क्रिकेटच्या यष्टिरक्षकाचा नव्हे, बेसबॉलच्या कॅचरचा. बेसबॉलमध्ये चेंडू टाकतो तो पिचर, आणि त्याच्यासमोर उकिडवा बसून तो झेलतो तो कॅचर. त्या कॅचरच्या डाव्या हातात माझी जागा. मी जाडजूड आहे, मोठ्या भाकरीएवढा गोल आहे, आणि माझ्या मधोमध एक खोल खळगा आहे. तो खळगा मला कारखान्यातून मिळालेला नाही. तो एका मुलाच्या चेंडूंनी पाडला आहे. त्या मुलाची वाट बघण्यातच हल्ली माझा बराचसा वेळ जातो.

माझा जन्म अमेरिकेतला. तिथल्या हवाई दलातल्या एका माणसाच्या सामानातून मी इंग्लंडला आलो आणि केंब्रिजच्या पलीकडे, त्यांच्या तळावरच्या एका घरात राहू लागलो. त्या घरातल्या मुलाला गिटार हवी होती, मी नको होतो. मायदेशी परतताना त्या लोकांनी मला कार बूट सेलमध्ये, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकायच्या बाजारात मांडलं, एका टोस्टरच्या आणि तुकडे हरवलेल्या जिगसॉच्या मधोमध. आपण भंगारात निघालो असं मला त्या सकाळी वाटलं, आणि फार वाईट वाटलं.

तेवढ्यात डॉक्टर आले. डॉक्टर शशिधर मोघे वॉटफर्डच्या हॉस्पिटलात पेशंटना भूल देण्याचं काम करत. मिरजेला मेडिकल कॉलेजात असताना ते यष्टिरक्षक होते, आणि आपला मुलगा बॅट धरील अशी त्यांना फार आशा होती. पण सुयशला त्याच्या शाळेतल्या दोस्ताने बेसबॉलच्या क्लबात नेलं आणि पोरगं तिकडेच रमलं. डॉक्टर थोडे हिरमुसले, मग म्हणाले, चेंडू तर आहे ना, झालं तर. त्यांनी मला उचललं, डावा हात आत घातला आणि उजव्या मुठीने माझ्या पोटात दोन बुक्क्या मारल्या. बरं वाटलं.

घरी मात्र माझं स्वागत काही खास झालं नाही. मी गाईच्या कातड्याचा. सुनीतीताईंनी, म्हणजे सुयशच्या आईने, मला दारातच अडवलं. देवघराच्या भिंतीला लागून बैठकीची खोली, तिथे हे प्रकरण येणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. डॉक्टरांनी मला बाहेरच्या पोर्चमध्ये बुटांच्या फळीवर ठेवलं, आणि चिखलात घालायच्या रबरी वेलिंग्टन बुटांच्या शेजारी मी पुढची अनेक वर्षं काढली.

माझ्या कातड्याला तेल लागतं हे डॉक्टरांनी कुठेतरी वाचलं होतं. कुठलं तेल ते मात्र वाचलं नव्हतं. त्यांनी घरात होतं ते लावलं, खोबरेल. आता इंग्लंडच्या थंडीत खोबरेल तेल थिजून पांढरं दगड होतं हे काय नवीन आहे? पहिल्याच रविवारी मी पापडासारखा कडक होऊन मैदानावर गेलो, आणि मला हुंगून क्लबच्या कोचने विचारलं की हा ग्लोव्ह आंघोळ करून आला आहे का. सगळ्या पोरांना हसू आवरेना. पण सुनीतीताईंनी हे ऐकलं आणि त्या दिवसापासून तेलाचं काम स्वतःकडे घेतलं. रविवारी सकाळी त्या तेलाचा डबा रेडिएटरवर ठेवत, तेल पातळ झालं की पोर्चमध्ये येत आणि मला चोळत. मला घरात घेत नव्हत्या, पण माझ्याकडे त्यांचं लक्ष होतं. डबा रेडिएटरवर दिसला की मी समजायचो, आज खेळ आहे.

मग आम्ही तिघे कॅसिओबरी पार्कात जायचो. डॉक्टर झाडाला पाठ करून उकिडवे बसत, सुयश पावलं मोजून लांब उभा राही आणि चेंडू टाकी. चेंडू नेमका खळग्यात बसला की जो आवाज होतो ना, ठप्प असा, त्याच्यासाठी मी जगत होतो. चांगला चेंडू आला की डॉक्टर तोंडाने शाबासकी देत नसत. ते हात माझ्यातून बाहेर काढत, झटकत, तळव्यावर फुंकर मारत आणि म्हणत, "झोंबला रे, राजा." एवढं ऐकायला ते पोरगं पावसात भिजत उभं राहायचं.

मुलगा वाढला. सतराव्या वर्षी त्याच्या खांद्यातून असा वेग येऊ लागला की मलाच धडकी भरायची. डॉक्टरांची पन्नाशी जवळ आली होती. आता हात खरंच झोंबत होता, पण ते कबूल करतील तर ना. सोमवारी त्यांचा अंगठा सुजलेला असे आणि ते तो खिशात लपवत. एकदा जेवताना त्यांच्या हातून वाटी सुटली आणि सुनीतीताईंनी अंगठा धरून उजेडात पाहिला. हे मला कळलं ते दोघांच्या पोर्चमधल्या भांडणातून. ज्या हाताने पेशंटची शीर शोधायची त्या हाताशी खेळ मांडलाय, असं ताई म्हणाल्या. सुयश आत जिन्यात उभा राहून ऐकत होता.

पुढच्या रविवारी पहिलाच चेंडू माझ्यात आला आणि मी चकित झालो. हात तसाच फिरला होता, पाय तसाच उचलला होता, चेहऱ्यावर जोरही तसाच होता. पण चेंडू अर्ध्या वेगाचा होता. दुसरा तसाच, तिसराही तसाच. पोरगं बापासाठी हळू टाकत होतं, आणि ते कळू नये म्हणून जोर लावल्याचं सोंग करत होतं. डॉक्टरांनी हात झटकला, फुंकर मारली, म्हणाले, "झोंबला रे, राजा." मला वाटलं, त्यांना काही कळलं नाही.

पण घरी परतल्यावर सुयश आत गेला तरी ते गाडीतच बसून राहिले. मला मांडीवर घेऊन माझ्या खळग्यावरून अंगठा फिरवत होते. दोन दिवसांनी त्यांनी घरात जाहीर केलं की आपले गुडघे कामातून गेले, आता बसवत नाही, सुयशने क्लबातला तरणा कॅचर पाहावा. त्याच संध्याकाळी ते शिडीवर चढून छपराची पन्हळ साफ करत होते. गुडघे उत्तम होते, मित्रांनो. पोराचा हात आपल्यापायी मंद होऊ नये म्हणून त्या माणसाने स्वतःहून मैदान सोडलं, आणि त्यांच्याबरोबर मीही सुटलो.

त्यानंतर मी फळीवर पडून राहिलो. रविवारी सकाळी डबा रेडिएटरवर जाईना. माझं कातडं आक्रसलं, एका कोपऱ्यात कोळ्याने घर केलं. सुयश क्लबात नाव काढत होता हे मी येताजाता ऐकत होतो. तरण्या कॅचरकडे त्याचा स्वतःचा ग्लोव्ह होता. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

आणि दोन हजार चार सालच्या वसंतात बातमी आली. अमेरिकेतल्या एका लहानशा गावातल्या व्यावसायिक संघाने सुयशला एका हंगामासाठी घेतलं. संघाचं नाव हेरॉन्स. हेरॉन म्हणजे बगळाच, असं म्हणून सुनीतीताई सगळ्या संघालाच आपले बगळे म्हणू लागल्या. जाण्याच्या दिवशी सुयश बूट घालायला पोर्चमध्ये बसला, मला फळीवरून उतरवलं, कोळ्याचं जाळं पुसलं आणि माझ्यात दोन बुक्क्या मारल्या. मग हीथ्रोची टॅक्सी आली.

त्याच रात्री सुनीतीताई बाहेर आल्या. मला दोन्ही हातांनी उचललं आणि देवघरावरून सरळ वर नेऊन सुयशच्या पलंगावर ठेवलं. इतकी वर्षं मला हव्या असलेल्या घरात मी पोहोचलो होतो, आणि ज्याच्यामुळे पोहोचलो तोच तिथे नव्हता.

तो हंगाम मी पलंगावर आणि डॉक्टरांच्या हातात काढला. रोज सकाळी हॉस्पिटलला जाण्याआधी ते कम्प्युटरवर बगळ्यांचा निकाल बघत. रविवारी सुयशचा फोन येई. त्या वेळी ते उजव्या हातात रिसीव्हर धरत आणि डाव्या हातात मला घालून बसत. त्यामुळे त्यांच्या आवाजात जे नसे ते मला हातातून कळे. जूनमध्ये बगळे जिंकत होते. सामना अटीतटीचा झाला की सुयशला शेवटी आणत, आणि तो विजय राखून देई. त्या फोनच्या वेळी डॉक्टरांची बोटं माझ्यात नाचत होती. आईने जेवणाचं विचारलं की तो म्हणे, सगळं मस्त आहे.

जुलैत फोन लहान होऊ लागले. तो खूप हसायचा, उगीचच. एका रविवारी डॉक्टरांनी सरळ विचारलं, "खांदा कसा आहे?"

तो म्हणाला, "फाइन आहे, बाबा. फक्त थोडा टाइट झालाय. डोन्ट वरी."

डॉक्टर बरं म्हणाले. पण त्यांचा हात माझ्यात असा आवळला की जुने टाके ताणले गेले. ऑगस्टमध्ये एके सकाळी संघाच्या यादीतून सुयशचं नाव गेलेलं होतं. ते कम्प्युटरसमोर बसून राहिले आणि हॉस्पिटलला उशिरा गेले. बगळे त्याच्याशिवाय पुढे खेळत राहिले. डॉक्टर तरीही हंगाम संपेपर्यंत त्यांचे निकाल बघत राहिले, शेवटचा सामना बगळे हरले तोही. का, ते मला माहीत नाही. कदाचित मध्येच थांबणं म्हणजे पोराचं तिथे असणंच पुसून टाकणं, असं त्यांना वाटलं असेल.

सप्टेंबरात सुयश परतला. तपासण्या झाल्या. खांदा रोजच्या कामाला पुरेल, पिचिंगला नाही, असं सर्जनने सांगितलं. तो खोलीत पडून राही, आणि मी त्याच्या उशाशी असून त्याने मला एकदाही हात लावला नाही. कुणी बेसबॉलचं नाव काढत नव्हतं. इतकी वर्षं ज्या आवाजासाठी तळमळलो तो आता कधीच येणार नाही, हे मी मनाशी समजून चुकलो.

ऑक्टोबरातला एक रविवार. सकाळी मला खोबरेलाचा वास आला. सुनीतीताईंनी डबा रेडिएटरवर ठेवला होता. त्यांनी मला खाली नेऊन चोळून चोळून मऊ केलं आणि डॉक्टरांच्या हातात दिलं. डॉक्टर जिन्याखालून सुयशला म्हणाले, चल, पार्कात जाऊ. तो म्हणाला, आणि तुमचे गुडघे? ते म्हणाले, बरे झाले.

ते त्याच झाडाला पाठ करून बसले. सुयश लांब जाऊन उभा राहिला. त्याने सगळा जीव एकवटला, पाय उचलला, हात फिरवला. त्याचं तोंड वेदनेने वाकडं झालेलं मी पाहिलं. या वेळी ते सोंग नव्हतं. आणि चेंडू आला तो हळू, अगदी हळू, अकरा वर्षांच्या पोराचा असावा तसा, आणि माझ्यात अलगद विसावला. ठप्प आवाजही झाला नाही.

डॉक्टरांनी हात बाहेर काढला. झटकला. तळव्यावर फुंकर मारली.

"झोंबला रे, राजा."

सुयश जागीच उभा राहिला. मग चालत आला आणि बापासमोर गवतात उकिडवा बसला. "बाबा, प्लीज, खोटं नका बोलू."

"तुझ्याकडूनच शिकलो," डॉक्टर म्हणाले. "तू सतरा वर्षांचा होतास तेव्हा."

सुयशने मान खाली घातली. त्याने माझ्यावर हात ठेवला, त्याखाली डॉक्टरांचा हात होता, आणि मध्ये फक्त माझं जुनं कातडं. मला तेव्हा दोन्ही बाजूंनी ऊब लागत होती. त्याने विचारलं, अजून एक टाकू का. डॉक्टर म्हणाले, टाक. मग उजेड जाईपर्यंत तो टाकत राहिला आणि ते फुंकर मारत राहिले.

मित्रांनो, या गोष्टीला आता काही वर्षं झाली. सुयश केंब्रिजला नोकरी करतो, कामात गुंतलेला असतो, आणि मी खालच्या खोलीत, देवघराच्या भिंतीलगतच्या कपाटावर असतो. डॉक्टर कधीकधी नुसतेच हात घालून बसतात. तुमच्या घरातही फळीवर माझ्यासारखं काहीतरी पडलेलं असेल, बॅट असेल, पेटी असेल, आजोबांचा कॅमेरा असेल. त्याला तेलपाणी करा, धूळ झटका, पण तेवढ्यावर सोडू नका. ज्याच्याबरोबर ते वापरलं जायचं त्याला हाक मारा, आणि तो हळू टाकू लागला असेल तर हळूच झेला.

इकडे थंडी पडू लागली आहे. डब्यातलं तेल पुन्हा थिजून पांढरं झालं आहे. पण आज सकाळी सुनीतीताईंनी तो डबा रेडिएटरवर ठेवला.