मनोऱ्याआड आलेलं झाड

झाड पडल्याचा निरोप आला तेव्हा डॉक्टरीणबाई एका माकडाच्या हाताला टाके घालत होती. शेवटचा टाका घातला आणि तिनं तशीच गाडी काढली. जंगलखात्यात जनावरांवर उपचार करण्यात तिची हयात गेली होती, पण त्या झाडातल्या धनेश पक्ष्याच्या ढोलीवर तिचा खास जीव. मादी ढोलीत शिरते, दार लिंपून घेते आणि पिल्लासोबत आत कोंडून राहते. नर बाहेरून फटीतून भरवतो. अख्ख्या जंगलात अशा मोजक्याच जोड्या उरल्या होत्या.

झाड आडवं पडलं होतं. मादी फुटक्या ढोलीत चेंगरून मेली होती. अर्धवट पिसांचं पिल्लू मात्र भुशात धडपडत होतं. वर नर घिरट्या घालत होता, चोचीत फळ तसंच.

"कुणी पाडलं?"

वनरक्षकानं मान खाली घातली. "बाई, मनोऱ्याच्या आड येत होतं म्हणे."

मनोरा पाहुण्यांसाठी होता, पक्षी बघायला. पक्षी दिसावेत म्हणून पक्ष्याचंच घर पाडलं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातून मनोऱ्याचा ठेकेदार तिचा सख्खा दादा.

पिल्लू टॉवेलात गुंडाळून ती थेट त्याच्या कचेरीत घुसली.

"ढोली मीच दाखवली होती तुला, दादा!"

"अगं, तुमच्या खात्याचेच साहेब म्हणाले, समोरची दरी दिसली पाहिजे. उद्घाटन तोंडावर आलंय. एका झाडाचं काय घेऊन बसलीस? बस, चहा घे."

"चहा पाज तुझ्या साहेबाला! आत जीव आहेत हे ठाऊक असून करवत लावलीस?"

"हळू बोल, बाहेर माणसं आहेत."

"ऐकू देत! मी पोलिसांत चाललेय."

दादाचा चेहरा उतरला. "पाखरापायी भावाच्या पोटावर पाय देशील? आईला काय सांगशील?"

"तू काय केलंस, ते सांगेन."

तिनं तक्रार दिली. वरिष्ठ म्हणाले, घरचं भांडण घरात मिटवा. ती म्हणाली, "साहेब, झाड आमच्या अंगणातलं नव्हतं." काम थांबलं, दादावर खटला भरला गेला. तोंडी हुकूम देणाऱ्या साहेबानं मात्र हात वर केले आणि तो बढती घेऊन दुसरीकडे गेला. आईनं लेकीशी बोलणं टाकलं.

पिल्लाला बाईनं फळं भरवून जगवलं. मग शेजारच्या झाडावर लाकडी पेटी बांधून त्यात ठेवलं. नर लांबच्या फांदीवर बसून नुसता बघत राहिला. पिल्लू भुकेनं ओरडलं तसा उडून गेला आणि परतला तो चोचीत फळ घेऊन. फटीतून फळ आत गेलं. खाली उभ्या बाईनं दुर्बीण खाली केली आणि त्या साहेबाला मनसोक्त शिव्या हासडल्या.

दुसऱ्याच दिवशी मुख्य कचेरीतून कॅमेरा घेऊन माणूस हजर.

"बाई, 'खात्यानं पिल्लू वाचवलं' अशी बातमी द्यायचीय. जरा पेटीजवळ उभ्या राहता?"

"आधी मेलेल्या मादीचा फोटो छापा," ती म्हणाली. "कुणी मारली, तेही खाली लिहा. मग या."

तो घुटमळला. तिनं एवढ्या जोरात "चालते व्हा!" म्हटलं की, गडी मागे वळून न पाहता गाडीत जाऊन बसला.