नकाशावरचे जानराव

वरवट बकालच्या रंगरावांच्या बैठकीत काचेच्या चौकटीत एक जुना नकाशा टांगलेला होता. अठराशे तीन साली अडगावाजवळ इंग्रजांशी झालेल्या लढाईचा. कुण्या साहेबाच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं तेव्हा रंगरावांनी तो मुद्दाम घेतला. त्यांचे पूर्वज जानराव हे नागपूरच्या भोसल्यांच्या घोडदळात होते आणि त्याच रानात पडले, असं घरात सांगत आले होते.

इंग्रजी वाचता यायचं ते फक्त सुनेला. स्नेहलता बुलढाण्याच्या एका कारकुनाची मुलगी, मॅट्रिक झालेली. ती नवी नवरी असतानाच सासऱ्यांनी तिला भरल्या बैठकीत बोलावलं आणि नकाशात जानरावांचं नाव शोधायला सांगितलं. तिनं पुष्कळ शोधलं. सासऱ्यांच्या आशाळभूत तोंडाकडे पाहून तिला नाही म्हणवेना. ओढ्याकाठी इंग्रजीत ‘उजाड गाव’ असं छापलं होतं, त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, “सरदार जानराव.”

तेव्हापासून पाहुणा आला की तिला हाक यायची. पिठाचे हात धुऊन, डोक्यावर पदर घेऊन ती उजाड गावावर बोट ठेवायची. बुलढाण्याच्या एका शाळेत मास्तरणीची जागा चालून आली, तर नकाशा कोण वाचेल म्हणून सासऱ्यांनी ती नाकारली. नवरा वामनराव वडिलांपुढे बोलत नसे.

मग गावानं जानरावांच्या नावाचा दगड बसवायचं ठरवलं. जिल्हा परिषदेचे सभापती येणार होते. आदल्या दुपारी बैठकीत कोणी नाही असं पाहून स्नेहलता सासऱ्यांपुढे उभी राहिली.

“मामाजी, नकाशात जानरावांचं नाव नाही. मी खोटं वाचलं.”

रंगराव सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला नाही.

“मले माहीत हाये. अकोल्याच्या वकिलाले कवाच दाखवला व्हता म्या.”

“मग मला वाचायला का लावता?”

“जानराव तं तिथं मेलाच ना. इंग्रजानं नाही लिहिलं तं नाही लिहिलं. आता साऱ्या गावानं मानलं. उद्या तूच वाचजो, सूनबाई.”

एकदा कबूल केलं की सुटू, याच भरवशावर तिनं इतके दिवस काढले होते.

दुसऱ्या दिवशी तिनं वाचलं. आवाज कापला नाही. सभापतींनी चौकटीला हार घातला.

दिवाळीत भाऊ तिला न्यायला आला. रंगरावांनी त्याला पोटभर जेवू घातलं आणि नागपूरचे पाहुणे नकाशा पाहायला येणार आहेत असं सांगून एकट्यालाच बसवर पाठवलं. स्नेहलतानं त्याच्या पिशवीत करंज्यांचा डबा ठेवला आणि दाराशी उभी राहिली.