दोन नावे वाचणारा चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. पण कुणा एकाचा नाही, साऱ्या वस्तीचा. माझा नंबर अडीचचा. एक काडी चिकटपट्टीने जोडलेली, आणि दुसरीला निळ्या लोकरीची दोरी. ती शोभेची नव्हे. लोक मला नाकावर विसरून घरी घेऊन जात, म्हणून व्हर्ना स्टोडोला नावाच्या बाईने मला मतदानाच्या टेबलाला बांधून टाकले होते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. मला कळू लागले तेव्हा मी औषधांच्या दुकानात फिरत्या स्टँडवर लटकत होतो. येणारी माणसे मला लावत, आरशात बघून तोंड वाकडे करत आणि परत अडकवून ठेवत. तेव्हापासूनच मला एक खोड लागली. माणूस इतक्यांतून नेमके एकच कसे उचलतो, हे मला समजून घ्यायचे होते. माझ्या शेजारचा चष्मा हुबेहूब माझ्यासारखा होता. तरी व्हर्नाने मलाच का घेतले? विचारले असते तर तिलाही सांगता आले नसते.

व्हर्ना दर दोन वर्षांनी, नोव्हेंबरात, आमच्या ल्युथरन चर्चच्या तळघरात मतदानाच्या कामाला बसे. एकदा एक म्हातारा शेतकरी आला, खिसे चाचपत राहिला आणि म्हणाला की चष्मा ट्रॅक्टरवरच राहिला. व्हर्नाने स्वतःच्या नाकावरून मला काढून त्याला दिले. त्याच्या मागच्या दोघांचेही चष्मे घरीच होते. त्या दिवसापासून मी सार्वजनिक झालो. व्हर्ना सगळ्यांना सांगे की मते मोजायच्या यंत्रापेक्षा हा चष्माच जास्त काम करतो. ते ऐकून मला बरे वाटे, खोटे कशाला बोलू?

वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, आमच्या भागाचा एकच माणूस जातो, आणि त्या जागेसाठी कागदावर बहुधा दोनच नावे असतात. सारख्याच आकाराची अक्षरे, प्रत्येक नावापुढे एक लहानसे लंबगोल. त्यातले एक काळे करायचे, बस्स. मतदान गुप्त असते म्हणतात, पण नाकावर बसलेल्यापासून कसले गुप्त? अख्ख्या वस्तीची मते माझ्या काचेतून गेली आणि मी ती पोटात ठेवली. काहींचा हात कागद मिळायच्या आधीच काळे करायला शिवशिवत असे. काही जण दोन्ही नावांवरून चार-चार वेळा फिरत आणि शेवटी पहिल्यावरच येत. एक बाई तर काँग्रेसचे नाव उरकून टाकी आणि त्याच कागदावर खाली गावच्या जमीन-पाणी मंडळाच्या नावांपाशी रेंगाळे, कारण तिथे तिचा दीर उभा असे. मी सगळे पाहत होतो, पण निवड नेमकी कुठल्या क्षणी होते ते काही हाती लागत नव्हते.

अर्लिस आणि मायलो ट्वेटन हे नवराबायको मात्र मला पाठ झाले होते. मायलोचा पक्ष एक, अर्लिसचा दुसरा. लग्नाला एकेचाळीस वर्षे झाली होती आणि एकेचाळीस वर्षे एकाचे मत दुसऱ्याच्या मताने पुसले जात होते. व्हर्ना त्यांना म्हणे, तुम्ही घरीच बसलात तर देशाला काही फरक पडायचा नाही आणि तुमचे पेट्रोल वाचेल. एका साली बर्फाचे वादळ आले तेव्हा दोघांनी खरोखरच तसे ठरवले. कुणीच जायचे नाही. मग मायलो गायी बघून येतो म्हणून निघाला, अर्लिस शेजारणीला जेवणाचा डबा देऊन येते म्हणून निघाली, आणि दोघांची गाठ चर्चच्या पायऱ्यांवर पडली. एकामागून एक दोघांनी मला नाकावर चढवले. व्हर्नाने कॉफी दिली तेव्हाही कुणी कुणाकडे बघत नव्हते. तळघरातली माणसे मात्र पोट धरून हसत होती.

त्यानंतर काही वर्षांनी, एका ऑगस्टमध्ये मायलो गेला.

नोव्हेंबरात अर्लिस एकटी आली. कागद घेण्याआधी ती व्हर्नाजवळ कॉफी घेऊन बसली. त्या वर्षी रॉजर लिंडाल आणि शेरिल ओपसाल उभे होते. लिंडाल मायलोच्या पक्षाचा, आधी तीनदा निवडून गेलेला. ओपसाल अर्लिसच्या पक्षाची, पेशाने नर्स.

"मला काही सुचत नाहीये गं," अर्लिस म्हणाली.

"नाव घेऊ नकोस हं," व्हर्ना म्हणाली. "इथे नाव घेतलंस तर मला या खुर्चीवरून उठवतील."

"बरं, मग नुसतं 'तो' आणि 'ती' म्हणते. मायलोच्या सैन्यातल्या पेन्शनचे कागद अकरा महिने अडकले होते. त्याने दोन आठवड्यांत सोडवून दिले. आणि ती म्हणते, आपलं हॉस्पिटल बंद होऊ देणार नाही. मायलो शेवटचे नऊ दिवस तिथेच होता. आता तू सांग."

"मी कशाला सांगू? माझी मेलीची नोकरी जाईल."

अर्लिस हसली, पण ते हसणे फार वेळ टिकले नाही. शेवटच्या दिवसांत मायलो तिला काय म्हणाला, ते तिने सांगितले. "म्हणाला, यंदा तुझं मत पुसायला मी नाही. तेव्हा जरा बघून दे." मग ती कपाकडे बघत म्हणाली, "खरं सांगू व्हर्ना? मी आजवर कुणाला निवडलंच नाही. मी नुसती मायलोला पुसत होते."

व्हर्नाने तिच्या हातात कागद दिला.

मी अर्लिसच्या नाकावर पूर्वीही बसलो होतो. दर वेळी तिची नजर सरळ तिच्या पक्षाच्या नावावर जाई आणि हात तिच्या मागोमाग. त्या दिवशी ती लिंडालच्या नावावर थांबली. मायलोचा माणूस. तिने त्याच्यापुढचे लंबगोल सावकाश, कडेबाहेर शाई न जाऊ देता काळे केले. मला वाटले, संपले. पण ती उठेना. माझ्या काचा आतून ओल्या झाल्या आणि मला समोरचे धड दिसेना. मग ती तशीच उठली आणि वळली. दोरी ताणली गेली तेव्हा कुठे तिला माझी आठवण झाली. मग तिथूनच तिने हाक मारली.

"व्हर्ना, मला दुसरा कागद मिळेल का?"

"चुकलं का काही?"

"नाही, अगदी बरोबर आहे. पण हे मायलोचं झालं. आता माझं दे."

मत यंत्रात जायच्या आधी कागद बदलून घ्यायचा हक्क कुणालाही असतो, आणि व्हर्नाला नियम तोंडपाठ होते. तिने तो कागद न बघता पालथा केला, त्यावर 'रद्द' लिहिले आणि तो पाकिटात घातला. पाकीट मात्र ती बराच वेळ हाताखाली धरून बसली होती.

नव्या कागदावर अर्लिसने दोन्ही नावे वाचली. पुन्हा वाचली. पेन्शनचे कागद, हॉस्पिटल, आणखी काय काय तिच्या मनात आले असेल, ते नाकावर बसून दिसत नाही. मागे चार जण ताटकळत उभे होते. शेवटी तिने एक लंबगोल काळे केले. कुठले, ते मला माहीत आहे, विचारू नका. ती पक्षाला जागली की कागद सोडवणाऱ्याला, हे ना व्हर्नाला कळले, ना वस्तीला. एवढे सांगतो की त्या वेळी माझ्या काचा कोरड्या होत्या.

पुढच्या खेपेपासून आमच्या वस्तीचे मतदान टपालाने होऊ लागले. आता लोक स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून नावे वाचतात आणि मी व्हर्नाच्या खणात बटणे आणि रबरबँड यांच्यात पडून आहे. काचांवर धूळ बसली आहे. वाईट वाटते. कोण कसे निवडते ते बघायची माझी हौस अजून फिटलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात असा एखादा निकामी चष्मा असेल तर त्याची काच अधूनमधून पुसत जा. आणि मोठे झाल्यावर तुमच्यासमोर दोन नावे येतील तेव्हा दोन्ही नीट वाचा. पहिल्या कागदावर तुमच्या हाताने तुमचे वडील, नवरा, बायको किंवा शेजारी लिहून गेले असतील. ती प्रेमाची माणसे असतात, त्यांच्यावर रागावू नका. कागद परत करा आणि दुसरा मागा. मागायला लाज वाटते, पण तो मिळतो.