कुत्र्याच्या बाजारी डुक्कर

थोरलीचा निरोप आला तेव्हा ग्वेइश्यान चीनमधल्या खुनमिंग शहरात तळ्याकाठी कुरव पक्ष्यांना पाव भरवत होती. शेजारच्या अनोळखी बाईला ती सांगत होती, की हा लंगडा कुरव दर हिवाळ्यात उत्तरेहून येतो तो खास आपली खुशाली विचारायला, आणि मागच्या वर्षी तर येताना त्यानं सुका मासा आणला होता, नातवंडांना म्हणून. ती बाई ऐकता ऐकता पक्ष्यांचा पाव स्वतःच खाऊ लागली होती.

तेवढ्यात फोन वाजला. अकरा सेकंदांचा आवाजी निरोप. त्यात दोन कोंबड्या, एक ट्रकचा भोंगा, कुणीतरी बटाट्याचा भाव पाडत होतं, आणि या सगळ्यांना दाबून टाकणारा थोरलीचा आवाज.

"ए धाकटे, कुत्र्याच्या बाजारी डुक्कर कापायचं हाय. ये. शेवटचं हाय."

झालं. संपला निरोप. ग्वेइश्यानने तो सात वेळा ऐकला. आठव्यांदा तिनं पावाची पिशवी त्या बाईच्या मांडीवर ठेवली आणि घरचा रस्ता धरला. एकाहत्तर वर्षांची बाई, पण अशी चालली की वाटेतली दोन तरुण माणसं बाजूला झाली.

शेवटचं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. चिनी नव्या वर्षानंतर थंडपाणीची, म्हणजे तिच्या माहेरची, सगळी वस्ती डोंगरावरून खाली उतरणार होती. पायथ्याच्या कुत्रेबाजार गावात नव्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि थोरलीच्या वाट्याला चौथा मजला आला होता. चौथ्या मजल्यावर डुक्कर पाळता येईल का, हे थोरलीनं सरकारी साहेबाला विचारून पाहिलं होतं. साहेब हसला. थोरली हसली नाही.

थंडपाणीच्या त्या घरात दोघी बहिणी जन्मल्या, त्या चुलीपुढे दोघींनी आईच्या हातचा मार खाल्ला. वर्षाचं डुक्कर कापायच्या दिवशी धाकटीनं हजर राहायचं, हा नेम. गेली चार वर्षं तो चुकला होता. एकदा साथ होती, एकदा गुडघा होता, आणि दोनदा जावयाचं नियोजन होतं. आता पाचव्यांदा चुकला, तर पुढे चुकायलासुद्धा काही उरणार नव्हतं.

जावई म्हणजे फान. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होता. माणूस सोन्यासारखा, पण सोन्यासारखाच जड. घरातून कुठेही जायचं म्हटलं की फ्रिजच्या दारावर तक्ता लागायचा. आणि खोटं तर त्याला औषधालाही जमत नसे. न्हाव्यानं केस कापून "आवडलं का" म्हणून विचारलं की हा खरं सांगायचा, त्यामुळे दर दोन महिन्यांनी नवा न्हावी शोधावा लागे. अशा माणसाच्या घरात ग्वेइश्यान राहत होती, जिची एक लोणकढी पचायच्या आत दुसरी ताटात पडायची.

संध्याकाळपर्यंत तक्ता लागला. शनिवारी सकाळी सातला प्रस्थान. दुपारी बाराला कुत्रेबाजार. हॉटेल, खोलीत हीटर. गुडघ्याचे पट्टे दोन, गरम पाण्याच्या पिशव्या तीन, प्राणवायूचे डबे चार. रविवारी परत.

ग्वेइश्यानने चष्मा लावून तक्ता वाचला. "जावईबापू, डुक्कर शुक्रवारी आहे. तुम्ही शनिवारी जाऊन काय शेपूट मोजणार?"

"आई, निरोपात शुक्रवार कुठे आहे? कुत्रेबाजार म्हटलंय. मावशींना घर तिथेच मिळालंय. म्हणजे त्या खाली उतरल्या."

"अहो, कुत्र्याच्या बाजारी म्हणाली ती. गाव नाही, दिवस. आमचा डोंगरातला बाजार वारानं भरत नाही, जनावरानं भरतो. बारा दिवसांना बारा जनावरं, फेरी संपली की पुन्हा तीच. आज ड्रॅगनचा झाला, तिथूनच बोलली ती. सहा दिवसांनी कुत्र्याचा, म्हणजे शुक्रवार. पोराटोरांना कळतं."

"मग गावाचं नाव कुत्रेबाजार का?"

"कुत्र्याच्या दिवशी बाजार भरतो म्हणून."

"म्हणजे गावच," फान म्हणाला.

मुलगी चुनलान ओट्यापाशी तांदळाच्या शेवया उकडत होती. तिचे खांदे हलायला लागले होते.

"तू हसू नकोस गं," ग्वेइश्यान म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला सांग मी खरं बोलतेय."

"आई, तूच सांग त्याला कसं ओळखायचं ते," चुनलान म्हणाली.

यात त्या पोरीचंही काही चुकलं नव्हतं. म्हातारीनं जावयाला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, की थंडपाणीला अशी थंडी पडते की माणसाची सावली जमिनीला चिकटते. घाईत निघालात तर ती मागेच राहते. तिचा मामा असाच एकदा सावली न घेता खालच्या गावी लग्नाला गेला, आणि मुलीकडच्यांनी भूत समजून त्याला जेवायला वाढलं नाही. मग परत येऊन किटलीभर गरम पाणी ओतून सोडवून घेतली. फाननं हे सगळं ऐकून घेतलं होतं आणि विचारलं होतं, पाणी किती तापमानाचं? त्यानंतर टोपल्याएवढ्या बटाट्याची गोष्ट झाली, ज्याच्या पोकळीत कोंबडी पिलांसकट राहत होती. तेव्हापासून तो सासूचं बोलणं ऐकायचा, मान हलवायचा, आणि तक्त्यात काहीही बदलायचा नाही.

"मावशींना फोन लावून विचारू," तो म्हणाला.

"लावा. आक्काचा फोन बाजाराच्या दिवशी चालू असतो. एरवी बंद करून तांदळाच्या डब्यात. वापरला तर झिजतो म्हणते."

"शेजारी कुणी?"

"एकच शेजारी. त्याच्याशी ती नव्वद सालापासून बोलत नाही. त्याच्या बकरीनं हिचा मुळा खाल्ला होता."

"आई."

"हे खरंय हो. बकरी मेली, तरी बोलत नाही."

फाननं लावून पाहिला. फोन डब्यातच होता. विचारायची सोय पुढच्या बाजारीच, आणि पुढच्या बाजारीच तर डुक्कर. ग्वेइश्यानला त्या रात्री जेवण गेलं नाही. जन्मभर हजार थापा मारल्या, एकही वाया गेली नाही, आणि आज एक खरी गोष्ट हातात घेऊन बसलीय तर तिला गिऱ्हाईक नाही.

दुसऱ्या दिवशी ती मसाल्याच्या दुकानातून भिंतीवरची दिनदर्शिका मागून घेऊन आली. जिच्यात रोजच्या तारखेखाली त्या दिवसाचं जनावर छापलेलं असतं, ती. जावई तक्त्यात हिरवा रंग भरत होता, त्याच्यापुढे तिनं ती उलगडली.

"मी काही बोलत नाही. मी खोटारडी. तुम्ही वाचा. शनिवार वाचा."

फाननं चष्मा पुसला. शनिवारच्या तारखेवर बोट ठेवलं आणि बोट खाली सरकवलं.

"डुक्कर," तो म्हणाला.

"आता मला सांगा, डुकराच्या दिवशी डुक्कर कापतात का कुठे?"

फान शहरात वाढलेला असला तरी त्याची आजी खेड्यातली होती. डुकराच्या दिवशी डुकरावर सुरी चालवली तर पुढच्या वर्षी गोठ्यात डुक्कर टिकत नाही, हे त्यानं तिच्या तोंडून ऐकलं होतं. त्यानं फोनवरच्या पंचांगातही पाहिलं. तिथेही शनिवारी डुक्करच. मग बोट मागे सरकवून त्यानं शुक्रवार वाचला, आणि कुत्र्याच्या त्या एवढ्याशा चित्राकडे बराच वेळ बघत राहिला.

"आई, तुम्ही बरोबर होतात," तो म्हणाला. हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. चुनलानच्या हातातली पळी तशीच राहिली.

"बरोबर आहेच मी. आता तक्ता बदला."

"तक्ता बदलेल. रजा कशी मिळणार? थंडीत नळ फुटतात. जानेवारीत आम्हाला शुक्रवारची रजा देत नाहीत. लग्न असेल तर देतात, नाहीतर कुणी गेलं तर."

ग्वेइश्यानचे डोळे लकाकले. "मग सांगा की, सासू गेली."

"आई."

"माझी काही हरकत नाही. सोमवारी परत येते."

"असं अभद्र बोलू नका."

"बरं, मरत नाही. आजारी पडते. जिन्यावरून पडले. नाही, थांबा, जिना नको, सगळे जिन्यावरूनच पडतात. तळ्याकाठी कुरव पक्ष्यानं टोच मारली आणि तोल गेला. पक्षी लंगडा होता म्हणून सांगा, म्हणजे खरं वाटतं."

सोमवारी आख्खी संध्याकाळ तिनं जावयाची तालीम घेतली. "माझ्या सासूबाई बऱ्या नाहीत," एवढं एक वाक्य. पहिल्या खेपेला त्याचे कान लाल झाले. दुसऱ्या खेपेला मान. चौथ्या खेपेला चुनलाननं त्याला पाणी दिलं, तर खरोखर तोच बरा नाहीसा दिसायला लागला. "अहो, थाप मारताना जमिनीकडे नाही बघायचं," ग्वेइश्यान शिकवत होती. "समोरच्याच्या भुवयांकडे बघायचं. भुवयांना काही कळत नाही."

"फोनवर भुवया कुठून आणू?"

मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो घरी आला आणि त्यानं साहेबबाईंना फोन लावला. लूबाई म्हणजे जरबेचं काम. त्यांच्या नुसत्या खोकल्यानं कार्यालयातला चहा निवतो, असं खुद्द फान सांगायचा, आणि तो तर थापा मारणारा नव्हे. ग्वेइश्यानने हट्टानं आवाज मोठा करून घेतला आणि टेबलाला छाती लावून बसली.

"बोला फान," लूबाई म्हणाल्या.

"बाई, शुक्रवारची रजा हवी होती. माझ्या सासूबाई..." तो थांबला. समोर सासू भुवया वर-खाली करून दाखवत होती. "माझ्या सासूबाई उत्तम आहेत."

ग्वेइश्यानने कपाळाला हात लावला.

"बरं मग?" लूबाई म्हणाल्या. "सासू उत्तम आहे म्हणून रजा?"

आता फानला सगळंच सांगावं लागलं. सासूची थोरली बहीण, तिचं शेवटचं डुक्कर, कुत्र्याचा बाजार, तांदळाच्या डब्यातला फोन, चौथा मजला. सांगता सांगता त्याच्याच कानाला ते असं काही लागायला लागलं की तो शेवटी म्हणाला, "बाई, हे मी रचून सांगत नाहीये."

पलीकडे शांतता. ग्वेइश्यानच्या आयुष्यात इतकी लांब शांतता क्वचितच आली होती. शुक्रवार त्या शांततेच्या टोकाला लटकत होता.

"गाव कुठलं?" लूबाईंनी विचारलं.

"थंडपाणी. वूमेंग डोंगरात."

"अगं बाई. म्हणजे आमच्या नदीच्या पलीकडे." आवाज एकदम गावाकडचा झाला. "आणि आधी तुम्ही कधी निघणार होतात म्हणे?"

"शनिवारी."

"शनिवारी डुकराचा दिवस ना? वेड लागलंय का हो फान? आमच्याकडे त्या दिवशी डुकराला ढेकूळसुद्धा मारत नाहीत. वरातीमागून घोडं नेणारे पाहिलेत, घोडं नसताना जाणारे तुम्हीच."

"आता चूक कळली, बाई."

"शुक्रवारी पहाटे निघू नका. घाटात बर्फ असतो, दहापर्यंत गाड्या सोडत नाहीत. गुरुवारी बाराला निघा. आणि डुकराच्या पित्ताची पिशवी कोण बघणार? भरलेली निघाली तर वर्ष चांगलं, ते बघायला जाणतं माणूस आहे का घरात?"

"मी आहे," ग्वेइश्यानला राहवलं नाही.

"कोण बोलतंय?"

"सासू. उत्तम असलेली."

लूबाई हसल्या. कार्यालयात तो आवाज कुणी ऐकला असता तर पुन्हा एकदा चहा निवला असता, पण आश्चर्यानं. "मावशी, रक्ताची सुरळी आणा माझ्यासाठी, आतड्यात भरलेली. मिरचीतली. अकरा वर्षं झाली खाऊन."

गुरुवारी बाराला गाडी निघाली. तक्ता नवा होता, प्राणवायूचे डबे तेच चार. खुनमिंगचं ऊन मागे पडलं, लाल माती आली, मग रस्ता वर चढायला लागला आणि पाइन झाडांच्या सुयांवर गोठलेलं धुकं दिसायला लागलं. चुनलान गात होती. फान दर अर्ध्या तासाला सासूला विचारत होता, गुडघा कसा आहे, आणि सासू दर अर्ध्या तासाला सांगत होती की गुडघा पुढे पोचलाय, आपणच मागे आहोत.

उजेड असतानाच ते थंडपाणीला पोचले. थोरली अंगणात उभी होती, डोक्याला निळा रुमाल, हातात बादली. गाडी पाहून तिनं बादली खाली ठेवली नाही.

"आलीस," ती म्हणाली. "चार वर्षांत जाड झालीस."

"तू वाकलीस," ग्वेइश्यान म्हणाली. "डुक्कर कुठंय?"

दोघी तडक गोठ्याकडे गेल्या. काळंभोर धूड गवतावर पसरलं होतं. ग्वेइश्यान कठड्याला हात टेकून त्याच्याकडे बघत राहिली, आणि थोरलीनं बादली न सोडताच दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला. शेवटी डुक्करच बोललं.

फानला मात्र एक गोष्ट स्वच्छ करून घ्यायची होती. चुलीशी बसून, हातात मक्याच्या दारूचा पेला आल्यावर त्यानं विचारलं, "मावशी, तुम्ही निरोपात म्हणालात ना, कुत्र्याच्या बाजारी. ते गाव होतं की दिवस?"

थोरलीनं त्याच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं. असलं माणूस कुठून आणलंस, असं.

"दोन्ही," ती म्हणाली. "दिवस कुत्र्याचा, आणि तुम्ही गाडी घेऊन सकाळी बाजारात थांबायचं. मीठ कोण आणणार मग वर? चाळीस किलो मीठ, मिरच्या, शंभर माणसांचं आलं, लसूण. मी काय पाठीवर आणू? डुक्कर दुपारी कापायचं, म्हणून तर बाजाराच्या दिवशी ठेवलं. एवढं सरळ सांगितलं."

"अकरा सेकंदांत," चुनलान म्हणाली.

"त्यातसुद्धा दोन कोंबड्या घुसल्या," ग्वेइश्यान म्हणाली.

फाननं पेला खाली ठेवला आणि खिशातून कागद काढला. कुत्रेबाजार, शुक्रवार, सकाळी आठ. थोरली सांगत गेली आणि तो लिहीत गेला: मीठ कुठल्या दुकानातून, मिरची कुणाकडून अजिबात घ्यायची नाही, आणि परत येताना घाटाखालच्या खाटकाला गाडीत कसं बसवायचं, कारण तो पुढच्या सीटशिवाय बसत नाही. पान भरलं तेव्हा त्यानं उलटून मागे लिहायला घेतलं.

"जावई चांगला मिळाला गं तुला," थोरली हळूच म्हणाली.

"मग," ग्वेइश्यान म्हणाली, आणि चुलीत लाकूड सारलं. "राजाच्या घरून मागणी आली होती चुनलानला. मीच नको म्हटलं."