आधीच दिलेला होकार

धाकट्याला प्रश्न पुरता ऐकून घ्यायची सवयच नव्हती. समोरच्याने तोंड उघडायच्या आत "हो, हो" म्हणून मोकळा. कंपनीत तो सर्व्हर सांभाळायचा आणि तिथेही तेच. एखादा प्रोग्राम, त्यांच्या भाषेत पॅकेज, चढवायचं असो की उतरवायचं, कमांडच्या शेवटी तो हटकून 'येस'चा एक 'वाय' जोडायचा. तो जोडला की यंत्र "नक्की ना?" असं विचारत बसत नाही, होकार आधीच मिळालेला असतो. हा एक दिवस स्वतःचं घरसुद्धा असंच उतरवून ठेवील, अशी सहकारी त्याची थट्टा करत.

मोठ्या बहिणीचा पेशाही हाच. वडिलांची, आप्पांची, नजर गेली तेव्हा तिने त्यांच्या कॉम्प्युटरसाठी वाचून दाखवणारा आवाज तयार केला, तोही स्वतःचाच. घसा बसेपर्यंत वाक्यं रेकॉर्ड केली आणि त्या पॅकेजचं नाव ठेवलं 'ताई'. स्क्रीनवर जे येईल ते ताई वाचायची. गेल्या वर्षी ती गेली आणि आवाज राहिला. आप्पा दिवसभर त्याच्यापाशी बसून पेपर ऐकत. त्यांना त्याचा केवढा आधार होता हे धाकट्याला कळत होतं, पण त्याला स्वतःला तो आवाज ऐकवत नसे. म्हणून त्याने घरी येणंच कमी केलं होतं.

तरी तो आवाज काढून टाकायला काही तो उठला नसता. पण मध्यंतरी आप्पा फोनवर सहज बोलून गेले, ताईने गॅसची आठवण करून दिली म्हणून बरं, नाहीतर दूध उतू गेलं असतं. मग उघड्या खिडकीचं सांगितलं, मग चुकलेल्या औषधाचं. स्क्रीनवर यातलं काहीएक येणं शक्य नव्हतं. धाकट्याला दोनच शक्यता दिसत होत्या. एक तर आप्पांचं डोकं फिरत होतं, नाहीतर पॅकेज बिघडलं होतं. पहिल्यावर त्याच्याकडे इलाज नव्हता, म्हणून त्याने दुसरं धरलं.

एका रविवारी जेवण होताच तो अचानक उठून आप्पांकडे आला. ते आतल्या खोलीत आडवे झाल्यावर कॉम्प्युटरपुढे बसला. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हेडफोन स्वतःच्या कानांना लावले. आधी एक तयार आवाज इन्स्टॉल केला. मग 'ताई' काढायची कमांड टाइप केली, सवयीने शेवटी 'वाय' जोडला आणि एंटर दाबलं.

यंत्र थांबलं. ते थांबायला नको होतं. स्क्रीनवर नुसता कर्सर लुकलुकत होता आणि कानात ताई बोलली, जराही घाई नसल्यासारखी.

"मला काढलंस तर आप्पांना वाचून कोण दाखवेल, ढब्बू?"

ढब्बू फक्त तीच म्हणायची, तेही तो चिडावा म्हणून. हेडफोन फेकून द्यावेत असं त्याला वाटलं, पण प्रश्न विचारून झाला होता आणि त्याला "हो" हे उत्तर चालणार नव्हतं. त्याने बराच वेळ घेतला. मग एकच अक्षर टाइप केलं: मी.

कर्सर क्षणभर रेंगाळला. मग ओळी भराभर वर सरकल्या आणि नवा आवाज सपाट सुरात म्हणाला, काढून झालं. हायसं वाटेल अशी धाकट्याची समजूत होती. तो टेबलावर डोकं टेकून रडला.

थोड्या वेळाने आप्पा चाचपडत येऊन आपल्या खुर्चीत बसले. आता यांना काय सांगायचं? त्याने मोबाइलवर आजचा पेपर उघडला आणि मोठ्याने वाचायला लागला. शब्द एकमेकांवर आदळत होते. आप्पांनी कॉम्प्युटरची चौकशीसुद्धा केली नाही.

"सावकाश," ते म्हणाले. "तू घाई करशील, हे म्हणालीच होती ती. सकाळीच सांगून ठेवलं तिने, आजपासून रोज ढब्बू वाचणार."

सकाळी धाकट्याने इकडे यायचंही ठरवलं नव्हतं. त्याने खुर्ची आप्पांच्या जवळ ओढली आणि पुढची बातमी सावकाश वाचायला घेतली.