रत्नम्माचं आग्रहाचं बोलावणं

ही गोष्ट २०१९ सालची, तुळशीचं लग्न व्हायचं होतं तेव्हाची. अहमदपूरच्या मोंढ्यात भुसाराचं दुकान असलेल्या विरूपाक्षप्पांची बायको रत्नम्मा त्या वर्षी त्रेसष्ट वर्षांची होती आणि तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. माहेर जळकोट, सासर अहमदपूर. पाणी म्हणायचं तर पाझर तलाव, तोही फाल्गुनात आटायचा.

लातूरला शिकणारी नात सृष्टी सुट्टीत आली आणि तिनं चार दिवसांच्या अंदमानचा बेत कागदावर मांडला. आजोबा म्हणजे आप्पा, आजी म्हणजे अव्वा आणि ती, अशी तीनच माणसं. हैदराबादहून विमान, पोर्ट ब्लेअरला एक मुक्काम, मग बोटीनं पुढच्या बेटावर दोन. काचेच्या तळाच्या नावेतून जिवंत पोवळी दिसतात, असं ती म्हणाली आणि रत्नम्मा तिथंच अडकली. पोवळं सोनाराकडे असतं, एवढंच तिला ठाऊक होतं.

विरूपाक्षप्पांनी नकार दिला नाही. पण त्यांच्यात रीत होती: प्रवासाला निघणाऱ्यानं भावकीत सांगून यायचं आणि उठता उठता "येता का?" म्हणायचं. ऐकणाऱ्यानं "जाऊन या सुखानं" म्हणायचं. पिढ्यान्‌पिढ्या हे बिनबोभाट चाललं होतं. या खेपेला चुलतभाऊ सिद्रामप्पा म्हणाले, "हाव, येतो की." ते निघाले म्हणून त्यांचे व्याही निघाले, आणि आठवडाभरात तिघांचे एकोणीस झाले.

एकोणीस माणसं जमली की कुणाला तरी देव आठवतोच. सिद्रामप्पांच्या ओसरीवर बैठक बसली. हैदराबादपर्यंत जायचंच, तर श्रीशैल कितीसं लांब? मग महानंदी का सोडायचं? बेट मागं सरकत सरकत "जमलं तर" वर आलं. रत्नम्मा चहा घेऊन उभी होती. सिद्रामप्पा तिला समजावणीच्या सुरात म्हणाले, "पाणी ते पाणीच की, वहिनी. श्रीशैलला धरण हाय, ते बघा."

विरूपाक्षप्पा मान डोलावत राहिले. बोलावलेल्या माणसाला येऊ नका म्हणणं त्यांना मरणाहून अवघड. आणि सृष्टीनं विमानात धरून ठेवलेल्या तीन जागा, सोमवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर हातच्या जाणार होत्या.

शनिवारी रत्नम्मानं पूजा उरकली, ठेवणीतलं इरकल नेसली आणि घरोघर आग्रह करायला निघाली. यायचंच बरं का, असं ती प्रत्येक उंबऱ्यावर सांगे. तिथं मासळीच्या तव्यावरच चपाती भाजतात म्हणं, पण यायचंच. बोट अशी डोलते की खाल्लेलं पोटात राहत न्हाई, पण यायचंच. आणि गळ्यातलं लिंग तेवढं सांभाळा, लाट दोराच वढून नेते म्हणं. सिद्रामप्पांचा हात आपोआप छातीवरच्या इष्टलिंगाशी गेला; लिंगायताला ते जिवंतपणी अंगावेगळं करता येत नाही. दुपारपर्यंत कुणाचे गुडघे दुखू लागले, कुणाकडे पाहुणे येणार ठरले. एकटी जाऊबाई गुरम्मा हटली नाही. मासळी त्यांच्या ताटात, माझी भाकर माझ्या ताटात, एवढंच ती म्हणाली.

रत्नम्मा घरी आली तर विरूपाक्षप्पा टोपी काढून बसलेले. दुकानावर सगळं त्यांच्या कानावर आलं होतं.

"असलं हाय तर आपुन बी नको," ते म्हणाले.

रत्नम्मा खांबाला टेकली. "मी कुठं बघितलंय? मनचंच सांगितलं."

"म्हंजे खोटं बोललीस?"

"आग्रह केला."

त्यांनी टोपी परत डोक्यावर चढवली. मग म्हणाले, की खरं असो की खोटं, लिंगाचं ऐकल्यावर त्यांचं मन धजत नाही.

"तुम्ही राहा मग," ती म्हणाली. चव्वेचाळीस वर्षांत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उमटलं. "मी जाते. तुमच्या जागेवर गुरम्मा येईल."

विरूपाक्षप्पा मागं राहिले. पण गुरुवारी स्टँडवर पोचवायला आले, ते कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीचा डबा घेऊन. शेजारणीकडून स्वतः करवून घेतला होता.

आता सृष्टी हैदराबादला नोकरी करते. सिद्रामप्पांनी श्रीशैल केलं आणि तिथं दोनदा चपला हरवल्या. गुरम्मा बोटीत खरंच आजारी पडली होती, पण मरेपर्यंत तिनं ते कुणाजवळ कबूल केलं नाही. विरूपाक्षप्पा मोंढ्यात बसून पोवळ्यांचे रंग असे सांगतात, की नवख्याला वाटावं, हेच जाऊन आले. रत्नम्माला कुणी समुद्र कसा होता विचारलं, तर ती जरा थांबून म्हणते, "सारखा हालत होता, बाई. घडीभर बसला म्हणून न्हाई."